चौदा नंबरची हार्डडिस्क

१५ ऑक्टोबर २०२५, बुधवार

आज दुकानात गजभियेचा लॅपटॉप आला.

तो स्वतः नाही आला, त्याची मुलगी आली. कुणाची मुलगी हे मला ती गेल्यावर कळलं. लॅपटॉप सुरू व्हायला अकरा मिनिटं लागली आणि मग पडद्यावर तो चेहरा उमटला. तोच चष्मा, कानाजवळ पांढरे झालेले केस, खाली नाव: के. एम. गजभिये. मोबाईलची काच बदलायला एक गिऱ्हाईक उभं होतं, त्याला म्हटलं उद्या या. आणि स्टुलावर बसून राहिले.

मुलीचं नाव रुची. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कालपासून विंडोज टेनचे अपडेट बंद झाले, म्हणून या आठवड्यात फुलचूरमधलं प्रत्येक जुनं मशीन माझ्याच दारात येऊन राहिलं. ही मात्र घाईत होती. ऑनलाइन मागवलेली एसएसडी, म्हणजे नव्या जातीची वेगवान डिस्क, सोबतच घेऊन आली होती.

"मॅडम, जुनी हार्डडिस्क काढून ही बसवून द्या. पप्पा एकतीस तारखेला रिटायर होऊन राहिले. फंक्शनमध्ये त्यांच्या फोटोंचा स्लाइड शो दाखवायचा आहे, पण हा इतका स्लो आहे की फोटो उघडतच नाहीत. पप्पांना माहीत नाही हं. सरप्राइज आहे."

ती मला ओळखत नाही. ओळखणार तरी कशी, तेव्हा दहा वर्षांची असेल.

मी तिच्या बापाला विसरलेले नाही. २०१५चा मार्च. गोरेगाव रोडवरच्या त्या कॉलेजात मी लॅब असिस्टंट होते, कंत्राटी, पण जूनपासून कायम होणार होते. तपासणीच्या दिवशी कपाटातले वीस लॅपटॉप बाहेर काढले, तर बारा सुरूच होईनात. खोलून पाहिलं तर आतल्या हार्डडिस्क गायब. कुलूप शाबूत. लॅबचा प्रमुख गजभिये. त्यानं अहवालात लिहिलं, 'लॅबची किल्ली कु. दुर्गेश्वरी रहांगडाले यांच्या ताब्यात असते.' दुसरी किल्ली ऑफिसात टांगलेली असायची आणि ती त्याला केव्हाही मिळायची, हे लिहिलं नाही. मला एक प्रश्नही विचारला नाही. आठ दिवसांत मी चोर ठरून घरी.

आमगावची ठरलेली सोयरीक मोडली. बाबांनी गावी, बोदलकशात, चौकात बसणं सोडलं. तीन वर्षांनी गेले. माझी पोर चोर नाही, एवढं वाक्य त्यांना कुणासमोर म्हणता आलं नाही.

आणि आता त्याचा लॅपटॉप माझ्या टेबलावर आहे. पासवर्डसकट.

१६ ऑक्टोबर

रुचीनं आणलेली एसएसडी या लॅपटॉपात बसतच नाही. ती च्युइंगगमच्या पट्टीसारखी लांबट आहे, एनव्हीएमई जातीची. या मशीनला तसली खाचच नाही. मॉडेल नंबरवरून कंपनीचं मॅन्युअल काढून खात्री केली. याला चपटी, अडीच इंची, साटा केबलवर चालणारी लागेल. जाडीसुद्धा पाहावी लागते: जुनी डिस्क साडेनऊ मिलिमीटरची, नवी सातची, कडेला फ्रेम लावली नाही तर आत हलत राहते. लोक मापं न पाहता वस्तू मागवतात आणि मग दुकानदाराला दोष देतात. तिला फोन करून सांगितलं, ही परत पाठव, बरोबरची मी मागवते.

मग तळाचे स्क्रू काढले. जुनी डिस्क बाहेर घेतली.

लेबलच्या कोपऱ्यात मार्करचं काहीतरी लिहिलेलं होतं, थिनरनं पुसलेलं. उजेडाकडे तिरकं धरलं. एल-१४.

अक्षर माझं आहे. इंग्रजी चार मी वरून उघडा काढते, शाळेपासून. त्या वीसही डिस्कवर मीच नंबर टाकले होते.

डिस्क खाली ठेवली. दहा वर्षं मी म्हणत होते की कुणीतरी ऑफिसातली किल्ली वापरली. कुणीतरी. आज त्याला नाव मिळालं.

आणखी एक आठवलं. डिस्कचे सिरीयल नंबर रजिस्टरात लिहायला गजभियेनंच सांगितलं होतं. "प्रत्येक नंबर लिहा, उद्या कामी येईल." तेव्हा मला वाटायचं केवढा शिस्तीचा माणूस. आता कळतं, आधी नोंद करायला लावायची आणि मग नोंद करणारीवरच बालंट आणायचं. चोरानं स्वतःच चोरीच्या मालाची यादी करायला लावली! असली हुशारी मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

त्या पानाची झेरॉक्स मी नोकरी गेली तेव्हा जपून ठेवली होती. बोदलकशाला मायच्या पेटीत असेल.

१७ ऑक्टोबर

एक बटण दाबलं असतं तर त्याचं दहा वर्षांचं सगळं पुसलं गेलं असतं. फोटो, कागद, मुलीचं बालपण. बोट नेलंही होतं बटणापर्यंत. पण पुसून काय मिळणार? त्याचे फोटो जातील. मला त्याचं नाव घालवायचं आहे, जसं माझं गेलं.

डिस्कची नक्कल करायला लावली आहे. म्हातारी झाली आहे बिचारी, मधेच अडखळते.

संध्याकाळी रुची विचारायला आली. मी सहज विचारलं, "ही हार्डडिस्क कंपनीची दिसत नाही. कधी बदलली होती का?"

"हो ना. मी लहान होते. आधीची खराब झाली तर पप्पांनी तिरोड्यात बदलून आणली होती. तिथं त्यांची इलेक्शन ड्युटी का काय होती."

तिरोडा. वा. घरात पोरीलासुद्धा गोष्ट तयार करून दिलेली आहे. चोराला नेहमी एखादं लांबचं दुकान सापडतं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

बोदलकशाला आले. मायनं अनारसे केले होते. टिंकू तिरोड्याहून मोटारसायकलवर आला, नवा शर्ट घालून. त्याला ओवाळलं. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, पण कपाळावरचे केस गेले आहेत. ग्रामपंचायतींचे कॉम्प्युटर सांभाळतो, तालुक्यात नाव आहे त्याचं. माझं दुकानही त्यानंच उभं केलं. काउंटर, सोल्डरिंगचं सामान, स्क्रू ड्रायव्हरचा सेट, सगळं स्वतः आणून दिलं. मी चोर ठरले तेव्हा साऱ्या गोतावळ्यात तो एकटा माझ्यासोबत उभा होता. मी नोकरीत असताना तो कॉम्प्युटर दुरुस्ती शिकत होता. रोज मला कॉलेजातून घ्यायला यायचा, मी मस्टरवर सही करेपर्यंत लॅबचे पंखे बंद करून कुलूपही लावून ठेवायचा.

जेवताना त्याला सांगितलं की चोर सापडला.

अनारसा त्याच्या हातातच राहिला. "कोनत्या नंबरची म्हनलं?"

"चौदा. गजभियेच्या लॅपटॉपात."

"बाई, कायले उकरून काढून राहिली ते? दहा वर्सं झाली."

तो मला लहानपणापासून बाई म्हणतो.

मी म्हटलं, "बाबा गेले त्याच्यापायी. मी सोडणार नाही."

तो उठला, हात धुतले आणि मोटारसायकलजवळ जाऊन उभा राहिला. तळ्याकडे तोंड करून. माय म्हणाली, "त्याच्यासमोर कायले काढतं वो ते?" खरंच आहे. त्या दिवसांचं नाव काढलं की तो उठूनच जातो. माझ्यापेक्षा त्यालाच जास्त लागलं आहे.

पेटीत झेरॉक्स सापडली. बाबांच्या सातबाऱ्याखाली होती.

२४ ऑक्टोबर

नंबर जुळला. शेवटच्या अक्षरापर्यंत. तीनदा पाहिला.

टिंकूचे आज चार फोन. शेवटच्या वेळी म्हणाला, "बाई, ती डिस्क मले देऊन दे. नागपूरले माया ओळखीचा आहे, तो सारं बरोबर चेक करून देईल. तुयाजवळ ठेवू नको."

मी म्हटलं, पुरावा मी हातचा सोडत नाही. त्यानं पुन्हा मागितली. मग म्हणाला, "तो मास्तर तसा माणूस वाटत नाही गा."

इतका साधा आहे. सगळ्यांना आपल्यासारखंच समजतो.

२७ ऑक्टोबर

रुचीला लॅपटॉप दिला. नवी एसएसडी, कडेला फ्रेम. चौदा सेकंदांत सुरू झाला. तिनं दोनदा बंद करून परत सुरू केला, खात्री करायला. अकरावं विंडोज या प्रोसेसरवर चालत नाही हे समजावलं, दुसरी सिस्टीम टाकून दिली, तीही तिला आवडली. जुनी डिस्क मागितली नाही. मीही काढली नाही.

"मॅडम, स्लाइड शो कशात बनवू?"

म्हटलं, "मीच करून देते. तू फक्त पुढे पुढे करायचं बटण दाब."

तिनं माझा हात धरला. "तुम्ही या ना फंक्शनला. प्लीज."

येईन म्हटलं.

ती गेल्यावर थोडं कसंतरी झालं. तिचा काय दोष. पण माझा तरी काय होता?

२९ ऑक्टोबर

त्र्याऐंशी फोटो निवडले. फाइलींची नावंसुद्धा शिस्तीत आहेत: तारीख, गाव, प्रसंग. प्रत्येक फोटोत गजभिये कडेला उभा, हात पाठीमागे. एका जुन्या फोटोत त्याची आई आहे, डोक्यावर धानाचा भारा, खाली त्यानं लिहिलं आहे, 'आई, दुसऱ्याच्या बांधावर, केशोरी.' एका फोटोत विज्ञान प्रदर्शन, मागे मी. लॅबचा ओळखपत्राचा पट्टा गळ्यात, हसते आहे. तो मी ठेवला नाही.

मग २०१४ आणि २०१६ च्या मध्ये माझ्या तीन स्लाइड घातल्या. डिस्क, एल-१४ दिसेल अशी. रजिस्टरचं पान, नंबरखाली लाल रेघ. आणि तिसरीवर मोठ्या अक्षरात: 'ही हार्डडिस्क मार्च २०१५ मध्ये चोरीला गेली. सापडली गजभिये सरांच्या लॅपटॉपात.'

कितीतरी वेळा पाहिलं. शुद्धलेखन तपासलं.

३१ ऑक्टोबर

झालं.

हॉल भरला होता. मंचावर गजभिये, गळ्यातला हार मांडीवर काढून ठेवलेला. मी शेवटच्या रांगेत, खिडकीपाशी. लॅपटॉपशी रुची उभी होती, निळा पंजाबी ड्रेस, केसांत फूल. आईचा फोटो आला तेव्हा गजभियेनं चष्मा पुसला. लोक टाळ्या वाजवत होते. २०१४. विज्ञान प्रदर्शन, मी नसलेला फोटो. बक्षीस समारंभ.

मग डिस्क. कुणाला काही कळलं नाही. रजिस्टर. मग तिसरी.

पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं, गंमत असावी म्हणून. मग ते हसू बंद झालं. रुची पडद्याकडे पाहत होती. तिनं घाईघाईत बटण दाबलं, ते उलटं पडलं, परत रजिस्टर आलं. परत दाबलं, परत तेच वाक्य. प्राचार्य "बंद करा" म्हणत होते आणि तिला बंद करता येत नव्हतं.

मी उभी राहिले. बोललेही. अडखळले नाही, दहा वर्षं घोकलेलं होतं. मी दुर्गेश्वरी रहांगडाले, या कॉलेजनं मला चोर ठरवून काढलं, चोर मंचावर बसला आहे.

गजभिये उठला. समोरचा माइक सुरूच होता, त्यामुळे त्याचा श्वास ऐकू आला. "दुर्गेश्वरी?" मग थोडं थांबून, "ती डिस्क खरंच माझ्या लॅपटॉपातली आहे?"

"हो."

"मग मला पाहावं लागेल," असं म्हणाला आणि खाली बसला. एवढंच. ना ओरडला, ना नाकारलं. हार मांडीवरून घसरून खाली पडला, तो कुणी उचलला नाही.

ऑटोनं घरी आले. पोटभर जेवले. कितीतरी वर्षांनी अन्नाला चव लागली.

१ नोव्हेंबर

कुणीतरी व्हिडिओ काढला होता. फुलचूरच्या ग्रुपवर आहे, कॉलेजच्या ग्रुपवर आहे. दहा वर्षं ज्यांनी रस्त्यात नजर चुकवली, त्यांचे आज फोन. कॉलेजचे क्लार्क लीलाधरभाऊ म्हणाले, "बाई, आमाले तवाच वाटत होतं." तवाच वाटत होतं तर तवाच काऊन नाही बोलले? पण विचारलं नाही. ऐकायला गोड लागत होतं.

टिंकू फोन उचलत नाही. व्हिडिओ त्यानं पाहिला आहे, निळी खूण दिसते. खूश व्हायला हवा होता.

रुचीचा मेसेज आला आहे. 'मॅडम, तुम्ही हे माझ्याच हातून का केलं?'

मेसेज दोनदा उघडला, दोनदा बंद केला.

३ नोव्हेंबर, सोमवार

आज गजभिये सर दुकानात आले.

दुपारची वेळ, दुसरं कुणी नव्हतं. हातात पुठ्ठ्याची फाइल. बसा म्हटलं नाही, तरी ते स्टुलावर बसले.

"दोन दिवस घरात शोधत होतो," ते म्हणाले. "फायली वर्षाप्रमाणे लावलेल्या आहेत, पण घराला रंग दिला तेव्हा २०१६ची पेटीत गेली होती. ही पावती पाहा."

मी हात पुढे केला नाही. त्यांनी ती काउंटरवर माझ्या बाजूनं फिरवून ठेवली, जशी विद्यार्थ्याची वही ठेवतात.

'रोशन कॉम्प्युटर्स, तिरोडा. १२ फेब्रुवारी २०१६. लॅपटॉप हार्डडिस्क ५०० जीबी, वापरलेली, बसवून.' खाली सही.

रोशन हे टिंकूचं कागदावरचं नाव. त्याच्या दुकानाचं ते पहिलं नाव, नंतर बदललं. सही पाहायची गरजच नव्हती. 'हार्डडिस्क' लिहिताना तो ड खाली लांब ओढतो. ते अक्षर मी त्याला पाटीवर गिरवून दिलं होतं.

मी म्हटलं, "ही पावती कुणीही छापून घेईल."

"छापून घेईल," सर म्हणाले. "म्हणून तुम्ही त्यांनाच विचारा. ते कोण आहेत मला माहीत नाही. पत्ता त्यावर आहे."

त्यांना खरंच माहीत नाही. किंवा माहीत असून म्हणत नाहीत. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहू शकले नाही.

"इतकी जुनी पावती कुणी ठेवतं का?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे. काहीतरी बोलायचं होतं.

"आमच्यासारख्याला ठेवावी लागते. बत्तीस वर्षं प्रत्येक कागद ठेवला. कधीतरी कुणीतरी उभं राहून विचारेल, हे माहीत होतं. ते पोरीच्या हातून विचारतील, हे नव्हतं माहीत."

उठताना दारात थांबले. "त्या अहवालात दुसऱ्या किल्लीचं लिहायला हवं होतं. संस्थेला लवकर एक नाव हवं होतं, मी तुमचं लिहून मोकळा झालो. तुम्हाला विचारायला हवं होतं. ती चूक माझी. पण चोर मी नाही."

पावती ठेवून गेले. झेरॉक्स होती. मूळ प्रत त्यांनी दिली नाही.

४ नोव्हेंबर

सकाळच्या बसनं तिरोडा.

टिंकू दुकानात होता, एका प्रिंटरची शाई बदलत होता. मला पाहिलं आणि शटर अर्धं खाली ओढलं. मी पावती ठेवली. त्यानं वाचलीसुद्धा नाही.

"बाराच्या बारा तूच?"

त्यानं मान डोलावली.

"कुलूप लावता लावता?"

"चाबीचा साबनावर ठसा घेतला होता. तीन-चार दिवस थोडे थोडे काढले." शाईचे काळे हात तो पुसत राहिला. "दुकान टाकाचं होतं बाई. बाबा नाही म्हनले होते. मले वाटलं लॅपटॉप कपाटातच पडून राहतात, साल-दोन साल कोनाले समजत नाई. समजलं तरी कॉलेज नवे आनते. तुयावर येईन असं खरंच नोतं वाटलं."

"आलं तेव्हा?"

"तवा बाबांसमोर बोलाची हिंमत नाई झाली."

"आणि बाबा गेल्यावर?"

त्यानं प्रिंटरचं झाकण लावलं. मग म्हणाला, "तुले दुकान टाकून देल्लं ना."

मी त्याच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. त्यानं हात वर केला नाही. बाहेर गिऱ्हाईक शटर वाजवत होतं, "रोशनभाऊ, आहात का?"

मी म्हटलं, "सोमवारी कॉलेजात ये आणि हेच सगळ्यांसमोर सांग. नाहीतर मी सांगीन."

"पंचायतीचं काम जाईल बाई. सारं जाईल."

"माझं गेलं तेव्हा तू मोटारसायकलवर बसवून मला घरी आणलं होतंस. रस्त्यानं मी रडत होते. तेव्हा काय वाटत होतं तुला?"

यावर तो रडायला लागला. मला दया आली नाही. यावी असं वाटत होतं, पण आली नाही.

५ नोव्हेंबर

दुकान उघडलं नाही. माझं प्रत्येक हत्यार त्यानं आणून दिलेलं आहे.

रुचीला लिहिलं: 'चूक माझी होती. तुझे पप्पा चोर नाहीत. मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे.' निळी खूण आली.

७ नोव्हेंबर

माय आली. तिरोड्याहून एकटी, बस बदलून. टिंकूनं तिला सगळं सांगितलं म्हणे.

तिनं चप्पलही काढली नाही. "तुया बाप त गेला. आता यालेही घालवते का वो?"

"माय, दहा वर्षं मला चोर म्हटलं लोकांनी."

"तुले आता कोनी नाई म्हनत. त्या मास्तरले म्हनतात. तो रिटायर झाला, त्याले काय फरक पडते? टिंकूले लेकरं हायत."

त्याले काय फरक पडते. हे ती इतक्या सहज म्हणाली की मी तिच्याकडे पाहतच राहिले. आणि मग लक्षात आलं, मीही हेच केलं होतं. रुची तिरोडा म्हणाली तेव्हा ऐकलं नाही, सरांनी रजिस्टर ठेवायला लावलं तेही उलटंच वाचलं. भाऊ अनारसा टाकून उठला, त्यातही मला प्रेमच दिसलं. सगळं समोर होतं. जुळत नव्हतं ते मी ठोकून बसवलं.

"तुला माहीत होतं का माय?"

ती बाथरूममध्ये पाय धुवायला गेली. बराच वेळ पाणी वाहत होतं.

८ नोव्हेंबर

ओळखीच्या वकिलाला विचारलं, नाव न घेता. म्हणाले, इतक्या जुन्या चोरीचा आता खटला उभा राहणं कठीण. म्हणजे टिंकूला तुरुंगात कुणी टाकणार नाही. फक्त नाव जाईल.

खरं लिहिते, हे ऐकून मला बरंही वाटलं आणि कमीही वाटलं. मी जे करणार आहे त्यात सरांची भरपाई किती आणि माझा सूड किती, हे मला सांगता येत नाही. टिंकू सोमवारी न आला तर बरं, असंही मनात येऊन गेलं. तो आला आणि हात जोडले, तर लोक म्हणतील बिचारा, शेवटी खरं बोलला. मला तो बिचारा व्हायला नको आहे. अजून तरी नको आहे.

माय काल गेली. डबा भरून देत होते, घेतला नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

अकरापर्यंत वाट पाहिली. टिंकू आला नाही.

प्राचार्यांच्या खोलीत प्राचार्य, गजभिये सर आणि लिहायला लीलाधरभाऊ. सर भिंतीकडच्या खुर्चीवर, फाइल मांडीवर. रुची बाहेर व्हरांड्यात होती, माझ्याशी बोलली नाही. जुना अहवाल रद्द करायचा तर नवा जबाब लागेल, असं प्राचार्य म्हणाले. ३१ तारखेचा व्हिडिओ ज्या ज्या ग्रुपवर गेला त्यांवर हा जबाबही टाकायचा, ही अट मी स्वतः घातली.

आधी माझा गुन्हा लिहून घ्यायला सांगितला. मी चौकशी न करता, त्यांच्या मुलीचा विश्वास वापरून, भर सभेत निर्दोष माणसाला चोर म्हटलं. प्राचार्य म्हणाले, "इतकं कडक लिहायची गरज नाही." सर म्हणाले, "राहू द्या. बरोबर लिहिलं आहे."

मग चोरीचं. किल्लीचा ठसा, तीन-चार दिवस, बारा डिस्क, तिरोड्याचं दुकान, पावती. मी सांगत गेले, लीलाधरभाऊ लिहीत गेले. शेजारच्या वर्गात तास सुरू होता, मुलं एका सुरात काहीतरी म्हणत होती. नाव सांगितलं: रोशन मुन्नालाल रहांगडाले.

आडनावावर त्यांचा पेन थांबला. बाबांचं नाव लिहून झालेलं होतं, त्याकडे पाहत म्हणाले, "बाई, हा तुमचा कोन?"

"सख्खा भाऊ."

त्यांनी प्राचार्यांकडे पाहिलं, मग सरांकडे. सरांनी फाइलवरची नजर वर केली नाही.

"लिहू?" लीलाधरभाऊंनी विचारलं.

"लिहा," मी म्हटलं.